चमच्यावरची गोळी

"आ कर," आज्जी म्हणाली.

मी आ केला. तिनं माझ्या तोंडापाशी नाक आणलं, डोळे मिटले आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, धुपाचा वास घेतात तसा लांब श्वास ओढला.

"संत्रं," तिनं निकाल दिला. "संत्र्याचा वास येतोय. बघितलंस त्रिशला?"

त्रिशला म्हणजे माझी आत्या. ती अमेरिकेतून बघत होती, डायनिंग टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून. तांब्याच्या फुगवट्यामुळे मोबाइल जरा मागं कलला होता, त्यामुळे ती आमच्याकडे वरून बघतेय असंच वाटायचं. तसं ती एरवीही वरूनच बघायची.

"लिमलेट खाल्ली होती मी," मी म्हणाले. "शाळेच्या रिक्षात. मृण्मयीनं दिली. तिला विचारा हवं तर."

"खोटं बोलू नये चेलना," मोबाइल म्हणाला.

टेबलावर परात होती आणि परातीत आज्जीच्या गोळ्या. नारिंगी, अर्धगोल, वर छोट्या पानाचा ठसा. दिसायला जेलीच्या मिठाईसारख्या, पण होत्या कॅल्शियमच्या. साध्या गोळ्या आज्जीच्या घशात अडकायच्या, म्हणून आत्या या चघळायच्या गोळ्या पाठवायची. सामानाचं वजन वाचावं म्हणून डबे फेकून नुसत्या गोळ्या पिशव्यांत भरायची आणि गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडायची. आज्जी त्या काचेच्या बरणीत ओतायची आणि बरणी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायची. त्या दिवशी मात्र तिनं एक मणी, एक गोळी असं करत जपमाळेवर मोजल्या होत्या. आत्यानं सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोन कमी भरल्या.

"ह्या घरात चार माणसं," आज्जी म्हणाली. "मी न्हाई. भरतेश न्हाई."

भरतेश म्हणजे माझे बाबा. ते सोफ्यावर पेपर वाचत होते. नाव ऐकून त्यांनी पान उलटलं.

"राहिली ही आणि हिची आई. आता हिच्या आईला माझी बरणी उघडायचं कारणच काय? ती रोज माझ्यादेखत उघडते, माझ्यादेखत लावते. मग चोर कोण?"

"मी नाही घेतल्या!"

"रक्तच तसलं," आज्जी मोबाइलला म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "अर्धं खाऱ्या पाण्याचं. किती गाळून घेतलं तरी मीठ राहतंय की गं खाली."

स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे, फरशीच्या बरोबर जोडावर आई उभी होती. त्या जोडाच्या पलीकडे जायची तिला मुभा नव्हती. नुकतीच लॅबमधून आली होती, खांद्यावर पर्स तशीच. मी तिच्याकडे बघितलं. मला पक्कं वाटलं होतं, आता ती काहीतरी बोलणार.

"चेलू," आई म्हणाली, "सॉरी म्हण."

"आई!"

"म्हण की. मोठ्या आहेत त्या."

मी म्हणाले. न केलेल्या चोरीबद्दल, कॅमेऱ्यात बघून. आत्यानं तिकडून मान हलवली आणि आज्जीनं गोळ्या परत बरणीत भरल्या. भरता भरताच, मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आजपासून हिचं ताट मागं."

आमच्या घरात दोन पंगती होत्या, हे सांगायला हवं. जयसिंगपुरात आमचं घर काही जुनंपुराणं नव्हे. स्लॅबचं, दुमजली, गेटवर भगवान महावीरांचं चित्र. आत डायनिंग टेबल, तिथं आज्जी, बाबा आणि मी. आणि मागं, वॉशिंग मशीनच्या शेजारी एक घडीचं टेबल, तिथं आई. तिच्या ताटवाटीला खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, चुकून इकडची भांडी तिकडं मिसळू नयेत म्हणून. आई वेंगुर्ल्याची, गाबितांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांच्या घरातली. बाबांनी कॉलेजात असताना तिच्याशी लग्न ठरवलं आणि घरी सांगितलं. त्यांच्या आयुष्यातलं धाडसाचं काम तेवढंच. लग्न झालं त्या दिवसापासून आईनं मासा तोंडात घातला नाही. कांदा-लसूणही सोडला. सूर्य मावळायच्या आत जेवते. कशाचा काही उपयोग झाला नाही. आज्जी पायाखाली मुंगी चिरडली तर दिवसभर माळ ओढायची आणि आईनं भरलेल्या माठातलं पाणी तुळशीतसुद्धा ओतायची नाही.

मी मात्र आतली होते. "माझ्या भरतेशची पोरगी," म्हणायची आज्जी, आणि स्वतःच्या ताटातली पुरणपोळी मोडून माझ्या ताटात टाकायची. तेव्हा मी आठवीत होते. आईचं टेबल मागं का, हे मी कधी विचारलं नव्हतं, जसं फ्रीज उजव्या हाताला का, हे कुणी विचारत नाही तसं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी आमटी-भात त्या मशीनच्या धडधडीत जेवले. ताट उलटं करून बघितलं. लाल ठिपका अजून ओला होता. आज्जीनं कधी लावला कुणास ठाऊक!

मला आत परत जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला. खरा चोर सापडला की आज्जी मला हाताला धरून आत नेईल, असं माझं साधंसरळ गणित.

आईच्या हातचं आज्जी एकच गोष्ट घ्यायची, ती म्हणजे औषध. "औषधाला विटाळ नसतो," हे आज्जीचंच वाक्य. रोज सकाळी ती बस्तीतून आली की आई कोपरापर्यंत हात धुवायची, बरणीतली एक गोळी चमच्यावर घ्यायची आणि चमचा लांबवायची. आज्जी आ करायची. आई चमचा असा अलगद कलता करायची की गोळी जिभेवर पडावी आणि चमचा ओठाला लागू नये. आज्जी डोळे मिटून चघळायची. "माझ्या त्रिशलानं पाठवल्यात," रोज म्हणायची. "शुद्ध जिन्नस. तोंडात घातलं की कळतंय." आई चमचा धुवायची आणि बस पकडायला पळायची.

शाळेत तेव्हा विज्ञान प्रदर्शन होतं आणि माझं डोकं अशा गोष्टींत भारी चालतं. आई शिरोलीच्या एमआयडीसीत अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये होती. तिचा विभाग जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ, ज्यानं जेली थरथरते आणि कॅप्सूलचं टरफल बनतं. आता ते जनावर नेमकं कोणतं, हे शोधायचं काम आईकडं. मी प्रकल्पाचं नाव ठरवलं, 'जेलीत कोण लपलंय?' आमचे कोथळे सर एवढे खूश झाले की त्यांनी आईच्या लॅबला स्वतः फोन केला.

नमुने मी जमवले. दुकानातली जेली, मार्शमेलो, बाबांच्या औषधाची रिकामी केलेली कॅप्सूल. निघायच्या सकाळी आज्जी आंघोळीला गेली होती आणि बरणी समोर होती. मी उघडली आणि एक गोळी खिशात टाकली. खरं सांगते, जराही काही वाटलं नाही. चोर ठरलेच होते. शिक्षा आधी भोगली होती, चोरी तेवढी राहिली होती.

लॅबमध्ये आईनं मला तबस्सुमताईच्या हवाली केलं आणि स्वतः काचेच्या पलीकडच्या खोलीत गेली. तबस्सुमताई आईच्या हाताखाली होती. मिरजेची. हसली की गालाला खळी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

"हे बघ, इथं नावगाव चालत नाही," ती म्हणाली. "नमुना आला की त्याला नंबर. कुणाचा, कुठल्या कंपनीचा, मला कळत नाही. कळलं तर माझं मन आधीच निकाल देऊन बसेल की."

"मग डीएनए बघायचा ना? टीव्हीत बघतात तसा?"

"टीव्हीतल्यांना काय जातंय! अगं, जिलेटिन करताना हाडं-कातडी आम्लात नाहीतर चुन्यात भिजवतात, मग उकळतात. डीएनएचा पार भुगा. कधी सापडतो, कधी नाही. आणि नाही सापडला म्हणजे जनावर नव्हतंच, असं म्हणता येतं होय?" तिनं एका बारक्या नळीत मार्शमेलोचा तुकडा टाकला, कोमट पाणी घातलं. तुकडा बघता बघता विरघळला. "म्हणून आपण प्रथिन धरायचं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. तिच्यावर एक एन्झाइम सोडायचं. ते ठरावीक मण्यापाशीच माळ तोडतं. मग ते तुकडे मशीन तोलतं. गाईची माळ आणि डुकराची माळ जवळजवळ सारखी. पण एखाद्या ठिकाणी एखादा मणी वेगळा असतो. तेवढ्यानं वजन बदलतं. पकडली गेली!"

मी भराभर लिहून घेत होते. स्क्रीनवर तिनं जुने निकाल दाखवले. बारीक बारीक सुळके, डोंगराच्या चित्रासारखे. हा गाईचा, हा डुकराचा, हा माशाचा.

"पण मशीनच चुकलं तर?"

"आता विचारलास प्रश्न!" तिनं टाळी दिली. "म्हणून रोज पहिल्यांदा ओळखीचा नमुना घालायचा. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे असा. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच पुढचं खरं. त्याला कंट्रोल म्हणतात. आण बघू, अजून काय आणलंयस?"

मी खिशातून गोळी काढून तिच्या हातमोज्यावर ठेवली.

तबस्सुमताईनं ती उजेडात धरली, पानाचा ठसा बघितला आणि खो खो हसायला लागली. "अगं वेडे, हे तर आमचंच डुक्कर! ह्याला कशाला परत आणलंस?"

"काय?"

"हे आमचं ओळखीचं डुक्कर. थांब, दाखवते." तिनं फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात झाकणाची डबी होती, तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आईचं अक्षर. आत दोन नारिंगी अर्धगोल. वर पानाचा ठसा. "शुद्ध पावडर मिळते गं विकत, पण तिच्यात साखर नाही, रंग नाही, आंबटपणा नाही. खरी मिठाई मशीनला त्रास देते. म्हणून कंट्रोलपण खऱ्या मिठाईचाच पाहिजे. हा मॅडमनी कुठून तरी शोधून काढला. नवीन माल आला की दोन गोळ्या आणतात. पाच-सहा वर्षं झाली बघ, एकदासुद्धा फसला नाही. लख्ख डुक्कर! मी दोन-दोन हातमोजे घालते हां याला. आमच्या अम्मीला सांगू नकोस, नाहीतर ती मला घरात घ्यायची नाही."

मी हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. काचेपलीकडे आई मान खाली घालून नळ्यांवर नंबर टाकत होती. तिनं मान वर केली. माझ्या समोर उघडा फ्रीज, माझ्या समोर ती डबी. आईनं ते बघितलं, मला बघितलं आणि पुढच्या नळीवर नंबर टाकला.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. हातकणंगलं जाईपर्यंत मी वहीत लिहिलेलंच परत परत वाचलं. 

"तुला माहीत होतं," मी शेवटी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तू दुसरीत होतीस." आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर ऊस होता, नुसता ऊस. "वेंगुर्ल्याची आजी आली होती, आठवतं तुला?"

मला थोडं थोडं आठवत होतं. गजऱ्याचा वास, खरखरीत हात.

"ती आत सोफ्यावर बसली. तिला काय माहीत! खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या, रात्रभर जागून केलेल्या. तुझ्या आज्जीनं डबा घेतला, हसून घेतला, आणि तिच्यादेखत गेटाबाहेर नेऊन शेजारच्यांच्या म्हशीला घातल्या. परत आली आणि कामाच्या शेवंताबाईला म्हणाली, सोफ्याखालची फरशी धू. माझी आई उठून उभी राहिली. पाय कुठं ठेवावा तिला कळेना. सगळीकडं पाणी." आईनं पदर नीट केला. "परत आली नाही ती. पुढच्या वर्षी गेलीच. तर त्या वड्यांच्याच दिवशी तुझी आज्जी गोळी चघळत म्हणाली, शुद्ध जिन्नस तोंडात घातलं की कळतंय. मी म्हटलं, बघू तर खरं, शुद्ध म्हणजे काय असतं. दोन गोळ्या उचलल्या, नंबर टाकला, मशीनला घातल्या."

"आणि डुक्कर निघालं."

"तीनदा लावलं मी. तिन्ही वेळा."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं बघितलं. "सगळ्यांसमोर सांगायचंस! आत्याचं थोबाड बघण्यासारखं झालं असतं!"

"झालं असतं. मग आज्जीनं उपास धरला असता, प्रायश्चित्त घेतलं असतं, आठ दिवसांत शुद्ध झाली असती. आणि मी जिथं आहे तिथंच." आई माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. घरी भाजी निवडताना असते तशी होती ती. "तोवर ती गोळी स्वतःच्या हातानं घ्यायची, चेलू. मीच म्हटलं, आई, तुमचे हात थरथरतात. उद्यापासून मी देत जाईन."

बसला खड्डा लागला. सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

रोजची सकाळ मला दिसली. कोपरापर्यंत धुतलेले हात. लांबवलेला चमचा. आज्जीची बाहेर आलेली जीभ.

"आणि त्या दोन गोळ्या तूच घेतल्या होत्यास," मी म्हणाले. "लॅबसाठी. आणि मला सॉरी म्हणायला लावलंस."

"हो. नाहीतर तिनं बरणी कुलपात ठेवली असती." आईनं पर्स मांडीवर घेतली. "आणि अजून एक सांगू? तू मागच्या टेबलावर आलीस ना, मला बरं वाटलं. इतकी वर्षं एकटी जेवत होते."

मला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. 

"कधी थांबवणार?"

"ते माझ्या हातात नाही. क्षमावाणीच्या दिवशी तुझी आज्जी सगळ्यांची क्षमा मागते. मुंगीची मागते, झाडाची मागते. त्या दिवशी तिनं एकदा माझ्यापुढं हात जोडले, नुसते जोडले, तर मी बरणी गटारात ओतणार. कुणाला काही न सांगता. त्या वर्षापासून मी दर वर्षी वाट बघते."

"या वर्षी?"

"या वर्षी पण बघणार."

दहा दिवसांचं उपासाचं पर्व संपलं की क्षमावाणी येते. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल त्या सगळ्यांपुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. त्या वर्षी आत्या स्वतः आली होती. सोबत एवढाल्या बॅगा, आणि एका बॅगेत नव्या गोळ्यांच्या दोन पिशव्या. आल्या आल्या तिनं त्या आज्जीच्या मांडीवर ठेवल्या. "अगदी प्युअर, आई. तिथले सगळे आपले लोक हेच घेतात."

सकाळपासून घरात माणसांची ये-जा. आज्जी पांढरी साडी नेसून हॉलमध्ये उभी. दहा दिवसांत बारीक झाली होती, पण चेहरा असा उजळलेला की तिला बघून लोक आपोआप वाकत. शेजारच्या कोथळीकाकू आल्या, आज्जीनं हात जोडले. दूधवाला आला, त्याच्यापुढं जोडले. बाबांपुढं जोडले, तर बाबा गोंधळून पेपरसकट हात जोडून उभे राहिले. आत्याच्या गळ्यात पडून रडली. खाली फरशीवरून मुंग्यांची रांग चालली होती, तर साडी उचलून तिनं तिला वाट दिली आणि तिच्यापुढंही हात जोडले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, जुनी मी असते तर.

आई तिच्या त्या फरशीच्या जोडावर उभी होती. नवी साडी नेसली होती. दर क्षमावाणीला ती नवी साडी नेसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आज्जी वळली आणि थेट आईच्या दिशेनं यायला लागली.

 शपथ सांगते, त्या क्षणी मला आत जायचं नव्हतं, मागं जायचं नव्हतं, नुसतं ते दोन हात जोडलेले बघायचे होते. एक पाऊल, अजून एक. आज्जीचे हात वर आले. ओंजळ झाली. आईचे ओठ हलले. तिचेही हात वर यायला लागले.

"जरा बाजूला हो," आज्जी म्हणाली. "मागं शेवंता उभी आहे."

आई बाजूला झाली. तिचे हात अर्ध्यावर तसेच राहिले. मग तिनं ते पदराला पुसले, जणू ओलेच होते. आज्जीनं शेवंताबाईपुढं हात जोडले. "वर्षभर तुला तोडून बोलले असेन बाई. उत्तम क्षमा." शेवंताबाई हमसून रडायला लागली.

"आई, कसं गं तुझं मन एवढं मोठं!" आत्या म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर आली. "चेलना, तू नाही का मागणार क्षमा? आज्जीच्या गोळ्या चोरल्यास, वर खोटं बोललीस. आज तरी कबूल कर."

 कोथळीकाकू कान देऊन. बाबा सोफ्याच्या कडेवर. आज्जी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत माया होती, खरीखुरी. म्हणजे मला आत घ्यायला ती तयार होती. मी फक्त खोटं बोलायचं होतं.

खरं माझ्या जिभेवर होतं. एका शब्दाचं काम. त्या शब्दानं आत्या फरशीत गडप झाली असती, कोथळीकाकूंनी गावभर केलं असतं. मी आईकडे बघितलं. तिनं 'नको' म्हटलं नाही, मान हलवली नाही. ती वळली, बेसिनपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली.

सकाळची गोळी राहिली होती ना.

मी आज्जीपुढं गेले, हात जोडले. "उत्तम क्षमा, आज्जी. गोळ्या मीच खाल्ल्या. दोन्ही."

"आली वळणावर!" आज्जीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "शेवटी माझ्या भरतेशचं रक्त. आजपासून माझ्या शेजारी बस जेवायला. त्रिशला, हिचं ताट आत आण गं. दुसरं आण, चांगलं."

आई चमचा घेऊन आली. त्यावर नव्या पिशवीतली नारिंगी गोळी, वर पानाचा ठसा. ती चमचा लांबवणार, तेवढ्यात मी तो धरला.

"मी देते आई. आज्जी मला आत घेतेय ना."

आईनं लगेच सोडला नाही. आम्ही दोघींनी तो क्षणभर धरला होता. मग तिची बोटं सुटली, आणि ती हसली. दात दिसेपर्यंत. आईचे दात इतके सुंदर आहेत हे मला माहीतच नव्हतं.

"आज्जी," मी म्हणाले, "आ कर."

आज्जीनं आ केला. मी चमचा ओठाला लावून दिला, मला तेवढी मोकळीक होती. तिनं डोळे मिटले, हळूहळू चघळलं, आणि तिच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं.

"पोरीच्या हाताला पुण्य आहे गं, त्रिशला," ती म्हणाली. "चवच बदलली."

आता मी बारावीत आहे. आज्जी ठणठणीत आहे, हाडं एकदम मजबूत. डॉक्टरसुद्धा नवल करतात. मी तिच्या उजव्या हाताला बसून जेवते. आई परत मागं एकटी जेवते. मी एकदा तिला विचारलं होतं, चालेल ना तुला? ती म्हणाली, "आत कुणीतरी पाहिजेच होतं."

क्षमावाणीला आई आता जुनीच साडी नेसते. नवी मी नेसते. तिच्या जागेवर, त्या फरशीच्या जोडाशेजारी मी उभी राहते आणि आज्जीचे हात बघते. अजून तरी तिला वाटेत मुंग्याच दिसतात.

परवा तबस्सुमताईचा मेसेज आला होता. "मॅडम फोन उचलेनात. त्यांना सांग, डुक्कर संपत आलंय."

मी देव्हाऱ्याखालची बरणी काढली आणि दोन गोळ्या कागदात बांधल्या. आज्जी समोरच माळ ओढत बसली होती. तिनं बघितलं आणि हसली.

"खा गं," म्हणाली, "तुझ्याच आहेत."